पऱ्हाटीचे कूळ वाळवंटी

(प्रस्तावना)

गुढीला बांधायची निंबाची डहाळी कोवळी असते, लालसर पोपटी. सवयीमुळे त्यात कोणाला नवल वाटत नाही. पण ती कोणत्या दिवसांत फुटते ते पाहा. यवतमाळ भागातला पाऊस ऑक्टोबरात आवरलेला असतो. चैत्र लागेपर्यंत पाच महिने कोरडे जातात, विहिरी तळ दाखवू लागतात, दुपारच्या हवेत दमटपणा नावालाही उरत नाही. नेमक्या याच मुहूर्तावर निंब जुनी पाने झाडून टाकतो आणि नवी काढतो. त्याच्या मागोमाग पिंपळ, करंज, मोह आणि पळस. लोहाऱ्याच्या आसपासच्या रानातला साग मात्र या सगळ्या काळात उघडा उभा असतो. त्याला पालवी फुटायला मृग जवळ यावा लागतो. हवा तीच, ऊन तेच, रानही तेच. ऐन टंचाईत एक झाड खर्चाला लागते आणि शेजारचे हात आखडून बसते. कोण कशाच्या भरवशावर असे वागते, हा या पुस्तकाचा विषय आहे.

वाळवंटी झाडाझुडपांवरच्या पुस्तकाला लोहारा कशाला, असे कोणीही विचारेल. यवतमाळ शहराला लागून असलेले हे गाव. इथे एमआयडीसी आहे, कापूस-तुरीची शेते आहेत आणि फार लांब न जाता सागाचे जंगल लागते. जिल्ह्याचा वर्षाचा सरासरी पाऊस ९०० मिलिमीटरच्या आगेमागे. जैसलमेरला २०० मिलिमीटरही पडत नाही. त्या मापाने आपण सुखी आहोत. पण हा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, त्यातही मोजक्या दिवसांत, आणि मे महिन्यात उघड्या पात्रातले पाणी दिवसाला १० मिलिमीटरहून जास्त वेगाने उडून जाते. बाकीचे आठ महिने इथल्या झाडाला जे झेलावे लागते ते वाळवंटातल्या झाडापेक्षा फार वेगळे नाही. फरक एवढाच, की वाळवंटात पुढचा पाऊस कधी येईल याचा नेम नसतो आणि इथे तो बहुधा मृगाच्या आगेमागे येतो. या नेमावर इथल्या झाडांचे बरेचसे वागणे बेतलेले आहे.

दुसरे कारण आणखी जवळचे आहे. ज्या पिकावर हा जिल्हा दीडशे वर्षे जगतो आहे, ते पीकच मुळात कोरड्या प्रदेशातले झुडूप आहे. कपाशीची रानटी भावंडे आजही जगाच्या रखरखीत कोपऱ्यांत उभी आहेत. एक सिंधमध्ये, एक ॲरिझोनाच्या सोनोरन वाळवंटात, एक गालापागोसच्या लाव्हावर, तर एक ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी. या शेवटच्या झुडपाच्या जांभळट फुलाला तिथल्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रांताने १९६१ साली आपले पुष्पचिन्ह केले. ही सगळी झुडपे बहुवार्षिक आहेत. आपली पऱ्हाटी एका हंगामात संपते, कारण माणसाने हजारो वर्षे निवड करून तिला तसे केले. तरी तिचा मूळ स्वभाव गेलेला नाही. वेचणी झाल्यावर पाणी दिले की ती पुन्हा फुटते, आणि आपण फरदड घेतो. घराच्या परसात वातींसाठी लावलेला देवकापूस वर्षानुवर्षे उभा राहतो. तेव्हा दुष्काळात झाड कसे वागते हे शिकायला थरच्या वाळवंटापर्यंत जाण्याची गरज नाही. ते शिक्षण आपल्या धुऱ्यावर आणि धुऱ्याच्या आतही उपलब्ध आहे.

हे शिक्षण जिथून सुरू होते ती अडचण सगळ्या वनस्पतींना सारखीच आहे. पानाला अन्न तयार करायला हवेतला कार्बन डायऑक्साइड हवा. तो आत घ्यायला पानावरची सूक्ष्म छिद्रे, म्हणजे पर्णरंध्रे, उघडावी लागतात. ती उघडली की आतली वाफ बाहेर पडते. या देवघेवीचा भाव फार वाईट आहे. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू आत यायला बहुतेक झाडांना पाण्याचे ४०० ते ५०० रेणू गमवावे लागतात. ज्वारी-मक्याच्या पानांत कार्बन पकडण्याची वेगळी सोय असल्यामुळे त्यांचे साधारण निम्म्यात भागते. निवडुंग आणि घायपात यांचे ५० ते १०० मध्ये. पण फुकटात कोणाचेच भागत नाही. रंध्रे मिटली की पाणी वाचते आणि अन्न थांबते; उघडी ठेवली की अन्न मिळते आणि पाणी जाते. दुष्काळ सोसणे हा गुण म्हणून आपण वाखाणतो तेव्हा एक गोष्ट विसरतो : तो गुण प्रत्येक झाड विकत घेते. कोणी वाढ देऊन, कोणी पाने देऊन, कोणी फळे देऊन. या पुस्तकात पुढे जे जे येईल ते या एका वाक्याचा विस्तार समजावे.

पाणी वर चढते कसे, हे कळल्याशिवाय दुष्काळात नेमके काय बिघडते ते कळत नाही. १८९४ साली डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जॉली यांनी मांडले, की मुळाने ढकलले म्हणून पाणी वर जाते असे नाही. ते पानातून ओढले जाते. पानातून वाफ निघते तसा खोडातल्या बारीक नळ्यांतला पाण्याचा अखंड धागा ताणला जातो आणि वर सरकतो. आपल्या जगदीशचंद्र बोसांना हे मान्य नव्हते. खोडातल्या जिवंत पेशी स्पंदन करून रस वर चढवतात, असे त्यांनी १९२३ च्या आपल्या ग्रंथात मांडले. काळाच्या ओघात डिक्सन-जॉलींची बाजू टिकली. १९६५ मध्ये पेर शोलँडर आणि सहकाऱ्यांनी एक साधे दाबपात्र वापरून हा ताण मोजून दाखवला. तोडलेली फांदी पात्रात बंद करायची, फक्त कापलेले टोक बाहेर ठेवायचे आणि आत हवेचा दाब वाढवत जायचे. ज्या दाबाला टोकावर रस दिसू लागतो, तेवढा ताण फांदीत आधी होता.

या मापाने झाडांची जात कळते. जमिनीतले पाणी वातावरणाच्या दाबाच्या सुमारे १५ पट ओढीने मातीला चिकटले, की बहुतेक पिके हात टेकतात. पाने रात्रीसुद्धा सावरत नाहीत. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटातले क्रिओसोट नावाचे झुडूप ८० पट ओढीलाही जिवंत राहते आणि थोडेफार अन्नही बनवते. पण ताण जसा वाढतो तसा एक धोका वाढतो. पाण्याचा धागा तुटतो, नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी निकामी होते. पुरेशा नळ्या निकामी झाल्या की फांदी वाळते. उन्हाळ्यात शेंड्याकडून वाळत आलेली झाडे आपण पाहतो, त्यांच्यापैकी अनेकांचे दुखणे हेच असते.

इथून झाडांचे रस्ते वेगळे होतात. विदर्भाच्या रानात धावडा आणि सालई एकाच टेकडीवर दिसतात, पण दोघांचे हिशेब उलटे आहेत. धावड्याचे लाकूड जड आणि चिवट. कुऱ्हाडीच्या दांड्याला आणि बैलगाडीच्या आसाला ते आवडीने वापरत. अशा दाट लाकडात पाणी साठवायला जागा थोडी, पण ताण सोसायची ताकद मोठी. सालईचे लाकूड हलके. तिच्या खोडात पाणी भरपूर मावते, पण तिच्या नळ्यांना फार ताण पेलत नाही. म्हणून ती पाने लवकर टाकते आणि साठा राखते. जानेवारी ते मार्च या काळात अंगावर एक पान नसताना ती फुलते, तो खर्च या साठ्यातून होतो. पांगाऱ्याचेही तसेच. रोल्फ बॉर्चर्ट यांनी १९९४ मध्ये कोस्टारिकातल्या ग्वानाकास्ते प्रांतातील कोरड्या जंगलाचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला. झाड केव्हा पाने टाकते, केव्हा फुलते हे नुसत्या पावसावर ठरत नाही. मुळाखालची ओल आणि खोडातला साठा यांवर ठरते, असा त्याचा निष्कर्ष होता. आपल्याकडे उन्हाळ्यात खडकाळ उतारावरचा कडई पाहावा. पांढुरक्या, कागदासारख्या सालीचा पापुद्रा सुटलेला असतो. त्याखाली नखाने हलकेच खरवडले की हिरवा थर दिसतो. पाने नसताना हे झाड सालीतून थोडेफार अन्न बनवत असते. लांबून वाळल्यासारखे दिसणारे झाड आत कामाला लागलेले असते.

पानांवरच्या युक्त्या डोळ्यांना लवकर दिसतात, म्हणून शाळेच्या पुस्तकात त्यांनाच जागा मिळते. बोरीचे पान उलटे करून पाहिले तर खालची बाजू पांढऱ्या लवेने भरलेली दिसते. रंध्रांजवळची दमट हवा ती वाऱ्याने उडू देत नाही. रुईच्या पानावर मेणाचा थर आणि त्यावर पिठासारखी पूड असते. बाभूळ आणि हिवर यांची पाने इतकी बारीक असतात, की उन्हात ती फारशी तापतच नाहीत. मोठे पान तापते आणि त्याला थंड राहण्यासाठी पाणी उडवावे लागते. सागाचे पान हातभर. पावसाळ्यात त्याचा झपाटा मोठा, पण तेवढे पान उन्हाळ्यात पोसणे त्याला परवडणारे नाही. म्हणून तो ते टाकतो. त्याचा सगळा संसार चार-पाच महिन्यांचा असतो आणि ज्या साली पाऊस कमी, त्या सालचे वलय लाकडात बारीक उमटते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी जुन्या सागांची अशी वलये मोजून मागच्या काही शतकांतला मान्सून वाचला आहे. किंमत चुकवल्याची एवढी स्पष्ट पावती दुसरीकडे क्वचित मिळेल.

एक युक्ती अशी आहे जी डोळ्यांना दिसत नाही आणि जिच्या शोधाची सुरुवात भारतात जिभेने झाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत दक्षिण भारतात असलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हेन यांनी पानफुटीचे पान चघळून पाहिले. सकाळी ते आंबट लागले, दुपारपर्यंत बेचव झाले आणि संध्याकाळी किंचित कडवट. त्यांचे हे निरीक्षण १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. कारण पुष्कळ नंतर कळले. पानफुटी आपली रंध्रे दिवसा मिटून घेते आणि रात्रीच्या गारव्यात उघडते. रात्री मिळालेला कार्बन आम्लाच्या रूपात साठवते. दिवसा बंद दाराआड त्याचे अन्न करते. सकाळचा आंबटपणा म्हणजे रात्रीची शिल्लक. निवडुंग, घायपात आणि अलीकडे सांगोल्याकडे शेतात दिसू लागलेले ड्रॅगन फ्रूट याच पंथातले. पाणी फार थोडे लागते, पण साठवायची जागा मर्यादित असल्यामुळे यांची वाढ बहुधा सावकाश होते. इथेही किंमत ठरलेलीच.

आता मुळांकडे. या विषयात ऐकीव आकडे फार फिरतात, म्हणून दोन खात्रीचे सांगतो. ॲरिझोनात तुसॉनजवळच्या एका उघड्या खाणीत मेस्किटचे, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीच्या गोतातल्या झाडाचे, मूळ ५३ मीटर खोलीवर सापडले. कालाहारीत एका झाडाची मुळे विहीर खणताना ६८ मीटरवर लागल्याची नोंद आहे. हे विक्रम आहेत, नियम नाही. त्याच ॲरिझोनातला साग्वारो निवडुंग आपली बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या वीतभर थरात लांबवर पसरवतो आणि एका सरीचे पाणी उडून जाण्याआधी पिऊन घेतो. खोल जायचे की पसरायचे, हे पाणी कुठे मिळते यावर ठरते.

आणि पाणी कुठे मिळते हे मातीवर ठरते. आपल्या जिल्ह्यात हा धडा एका शेतातून दुसऱ्या शेतात गेले तरी मिळतो. काळी कसदार माती भरपूर पाणी धरते, पण घट्ट धरते. ती वाळली तरी तिच्यात ओल असते. ती ओल मुळाला सुटत नाही. भेगा पडतात तेव्हा बारीक मुळे तुटतात आणि खालची वाफ थेट बाहेर निघते. डवरणी करून भेगा बुजवायचा शहाणपणा इथूनच आला. बरड जमीन उलट वागते. मुरमात पाणी टिकत नाही, ते खाली निघून जाते. पण जे खाली बेसाल्टच्या फटीत शिरते ते उन्हाच्या तावडीतून सुटते. ज्या झाडाचे मूळ त्या फटीत शिरू शकते त्याला मुरूम गरीब नाही. इम्मान्युएल नोय-मेइर यांनी १९७३ मध्ये वाळवंटी परिसंस्थांवर लिहिलेल्या लेखात हीच गोष्ट सांगितली होती, की फार कोरड्या मुलखात चिकणमातीपेक्षा वाळू आणि दगडगोट्यांची जमीन झाडांना अधिक मानवते. पऱ्हाटीला त्या फटीपर्यंत जाणे जमत नाही, कारण तिला खाली पोहोचायला पुरेसा वेळच मिळत नाही.

याचा पुरावा शेतात हाताने मिळतो. उलंगवाडीनंतर पऱ्हाट्या उपटतात तेव्हा ढीग करण्याआधी दोन-चार मुळे निरखावीत. भारी जमिनीतली पऱ्हाटी सोटमुळासकट सरळ येते, मूळ खाली निमुळते होत गेलेले असते. हलक्या जमिनीत, किंवा वर्षानुवर्षे एकाच खोलीवर ट्रॅक्टर चाललेल्या शेतात, सोटमूळ वीतभर खाली जाऊन काटकोनात वळलेले दिसते. त्या वळणाखाली ओल असली तरी त्या झाडाने ती कधी पाहिलेली नसते. त्या शेताचा दुष्काळ आकाशातून आलेला नसतो.

निंबाचे कोडेही इथेच सुटते. स्टीफन एलियट, पॅट्रिक बेकर आणि बॉर्चर्ट यांनी थायलंडमधल्या मान्सूनी जंगलात पाहिले, की पुष्कळ झाडे पावसाच्या एक-दोन महिने आधी पालवतात. मुळे खोल असल्यामुळे खालच्या थरातली ओल त्यांना मिळत राहते, आणि दिवस मोठा होत चालल्याची खूण त्यांना पालवायला पुरते. पहिला पाऊस पडतो तेव्हा या झाडांची पाने तयार असतात. ज्यांनी वाट पाहिली त्यांचे पहिले आठवडे पाने काढण्यात जातात. निंब, करंज, मोह यांचा जुगार या बाजूचा आहे, सागाचा त्या बाजूचा. खालची ओल शिल्लक असेल तर पहिला जिंकतो. भूजल उपसून ती ओलच खाली गेली तर त्याच झाडाला आपली सवय महागात पडू शकते. गावातल्या जुन्या निंबांचे शेंडे वाळू लागले तर पर्जन्यमापकाच्या आधी बोअरवेलची खोली विचारावी.

आता पुन्हा पऱ्हाटीकडे, कारण तिच्याजवळ या विषयाची किल्ली होती. १९६३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील फ्रेडरिक ॲडिकॉट आणि त्यांचे सहकारी कपाशीची कोवळी बोंडे का गळतात, याचा शोध घेत होते. त्यांनी कोवळ्या बोंडांतून एक द्रव्य वेगळे केले. त्याच सुमारास वेल्समध्ये फिलिप वेअरिंग यांच्या गटाला झाडांच्या कळ्या सुप्त ठेवणारे एक द्रव्य मिळाले होते. १९६५ मध्ये दोन्ही एकच असल्याचे दिसले आणि १९६७ मध्ये त्याला ॲब्सिसिक ॲसिड हे नाव मिळाले. त्याचे खरे काम मात्र लगेच पुढे आले : पान कोमेजू लागले की या द्रव्याचे प्रमाण झपाट्याने वाढते आणि रंध्रे मिटतात. बोंडगळीत मुख्य हात इथिलीन या दुसऱ्याच द्रव्याचा असतो हेही कळले. म्हणजे ज्या संदेशावर पळस, खैर आणि क्रिओसोट दुष्काळात आपली दारे लावतात, तो संदेश प्रथम हाती लागला तो बोंडातून.

ही माहिती यवतमाळच्या शेतकऱ्याने वेगळ्या अंगाने वाचावी. ऑगस्टमध्ये पंधरा-वीस दिवसांचा खंड पडतो आणि पातेगळ सुरू होते. दिवाळीच्या आसपास बोंडे भरण्याच्या वेळी हलक्या जमिनीतली ओल संपते आणि उरलेली बोंडे कवडीएवढी राहतात. पाने लाल पडतात, आपण लाल्या म्हणतो. त्यात नत्र आणि मॅग्नेशियमची कमतरता, थंड रात्री आणि ओलीचा ताण यांचा मिळून हात असतो. आपण याला रोग म्हणून फवारणी शोधतो. पातेगळीत कीड आणि रोगाचा वाटा असतोच, तो तपासलाच पाहिजे. पण पुष्कळदा ते झुडूप आपल्या कुळाला शोभेल असेच वागत असते. पेलणार नाहीत तेवढी फळे टाकायची, स्वतः जगायचे, पुढच्या सरीला पुन्हा फुलायचे. रानात हा शहाणपणा आहे. तिथे झुडपाला पुढचे साल असते. शेतात पऱ्हाटीला पुढचे साल नाही आणि शेतकऱ्याला पीककर्जाची तारीख आहे. झाडाचा आणि माणसाचा हिशेब इथे फुटतो, आणि या जिल्ह्याच्या दुःखाचा एक धागा या फुटीतून जातो.

म्हणून ‘दुष्काळ सहन करणारे वाण’ हे शब्द पाकिटावर दिसले की एक प्रश्न विचारायचा : सहन करून देणार काय? झाड जिवंत राहणे आणि बोंड भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकेकाळी वऱ्हाडातून ‘उमरा’ या नावाने लिव्हरपूलपर्यंत गेलेला गावरान कापूस आखूड धाग्याचा होता, पण इथल्या खंडांशी त्याची ओळख जुनी होती. १९७० नंतर संकरित वाण आले, २००२ पासून बीटी. आज जवळजवळ सगळी लागवड अमेरिकन जातीच्या संकरित वाणांची आहे. त्यातल्या लांब मुदतीच्या वाणांना हिवाळ्यातही ओल लागते आणि ती भारी जमिनीतच मिळते. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था कमी मुदतीच्या वाणांची सघन लागवड हलक्या जमिनीसाठी सुचवते, त्यामागचे तर्कशास्त्र हेच आहे : ओल संपण्याआधी बोंडे भरून मोकळे व्हायचे. वाळवंटात पावसाबरोबर उगवून महिन्या-दोन महिन्यांत बी टाकणाऱ्या रोपट्यांची ही रीत आहे. झुडपाला रोपट्यासारखे वागवायचा हा प्रयोग आहे आणि तो कुठे लागू पडतो, कुठे नाही, हे मातीची खोली ठरवते.

झाडे लावणाऱ्यांसाठीही यात काही सांगण्यासारखे आहे. वन विभागाच्या रोपवाटिकेत सागाचे ‘स्टंप’ तयार करतात ते अनेकांनी पाहिले असेल. अंगठ्याएवढ्या जाडीच्या रोपाचे खोड इंचभर ठेवून छाटतात, मूळ वीतभर ठेवतात, पाने एकही नाही. पावसाच्या तोंडावर हा ठोंबा लावला की नवीन फूट येते. पाने नसल्यामुळे पाणी जात नाही आणि मुळातल्या शिलकीवर तो उभा राहतो. जंगलातली पळसाची आणि सागाची रोपे उन्हाळ्यात वरून वाळतात आणि पावसात मुळाकडून पुन्हा फुटतात. असे कित्येक वर्षे चालते. ती वर्षे वाया गेलेली नसतात, त्या काळात मूळ जाड होत असते. याउलट आपल्या वृक्षारोपणात पिशवीतले हातभर उंच, हिरवेगार रोप लागते, कारण ते फोटोत दिसते. पिशवीत त्याच्या मुळाने वळसा घेतलेला असतो. मग रोज तांब्याभर पाणी घालून आपण ते मूळ वरच्या थरात अडकवून ठेवतो. पाणी घालायचे तर थोडक्या वेळा, पण खोलवर जाईल इतके घालावे. खाली ओल आहे हे मुळाला कळले पाहिजे.

आणि धुऱ्यावरची झाडे. बाभूळ-हिवराची मुळे पिकाचे पाणी पळवतात ही शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही. झाडाच्या पट्ट्यातले पीक खुजे राहते हे सर्वांना दिसते. पण जमिनीखाली याची एक दुसरी बाजूही घडू शकते. अमेरिकेच्या यूटामध्ये रिचर्ड्स आणि कॉल्डवेल यांनी १९८७ मध्ये एका कोरड्या प्रदेशातल्या झुडपाविषयी दाखवले, की रात्री रंध्रे मिटल्यावर त्याची मुळे खोल थरातले पाणी वर आणून वरच्या कोरड्या मातीत सोडतात आणि दिवसा ते झुडूप तेच पाणी वापरते. शेजाऱ्यांनाही त्यातले मिळू शकते. असे वागणे पुढे इतर अनेक झाडांत आढळले. आपल्या धुऱ्यावर कोणती बाजू भारी ठरते ते झाड, अंतर आणि मातीवर अवलंबून आहे. सगळी झाडे तोडा किंवा सगळी राखा, असा एकच निकाल या विज्ञानातून निघत नाही.

पुस्तकाची मांडणी अशी आहे. पहिला भाग माती आणि मुळांचा, दुसरा खोडाचा, तिसरा पानांचा. चौथ्या भागात लोहारा परिसरात सहज भेटणारी झाडे एकेक करून घेतली आहेत. कोणते केव्हा पाने टाकते, केव्हा फुलते, आणि त्या वेळापत्रकावरून खालच्या ओलीबद्दल काय अंदाज बांधता येतो. पाचवा भाग पूर्ण पऱ्हाटीचा आहे. ज्यांना वनस्पतिशास्त्राची भीती वाटते त्यांनी चौथ्यापासून सुरुवात करावी आणि अडले की मागे यावे. शिक्षकांनी वर्गाबाहेर जाऊन करण्याजोगे प्रयोग प्रत्येक भागाच्या शेवटी दिले आहेत. त्यांना लागते ते फक्त एक भिंग, एक प्लॅस्टिकची पिशवी आणि थोडा वेळ. उन्हात झाडाच्या फांदीला पिशवी बांधून तासाभरात किती पाणी जमते हे ज्या मुलाने पाहिले, त्याला बाष्पोच्छ्वास हा शब्द पाठ करावा लागत नाही.

रानातल्या झाडांच्या वेळा सांगणारे, रानात वेचायला जाणारे कोलाम आणि गोंड, आपल्या शेतातली मुळे खणून पाहू देणारे शेतकरी आणि रोपवाटिकेतले मजूर यांच्या माहितीवर हे काम उभे आहे. त्यांनी सांगितलेले आणि प्रयोगशाळेत मोजलेले जिथे जुळले तिथे मी ते निःशंकपणे लिहिले आहे.

वाचकाकडून एकच अपेक्षा आहे. पुढच्या वेळी पाऊस लांबला आणि शेतात पाते गळू लागले, की औषधाच्या दुकानात जाण्याआधी एक झाड उपटून त्याचे मूळ पाहावे, आणि ते जिथे थांबले तिथली माती हातात घेऊन दाबावी. वळली तर ओल आहे आणि मूळ तिथवर का गेले नाही हे शोधायचे आहे. भुरभुरली तर झाड बरोबर वागते आहे आणि आपल्याला वाण, अंतर किंवा जमीन यांपैकी काहीतरी बदलायचे आहे. कोणता बदल कोणत्या जमिनीला लागू पडेल, ते पाचव्या भागात जमिनीच्या खोलीनुसार दिले आहे.

लोहारा, जि. यवतमाळ